कॉफीचं यंत्र घेताय? आधी कॅप्सूल बघा

गेल्या वर्षभरात निदान पाच-सहा घरांतून मला एकच प्रश्न आला. "मॅडम, ते कॅप्सूल टाकून कॉफी काढायचं यंत्र घ्यायचंय. या दोन्हींपैकी कुठलं बरं?" विचारणाऱ्यांची मुलं बंगळूरला किंवा पुण्याला असतात, काहींची अमेरिकेत. आईला गॅसपुढे उभं राहायला नको म्हणून ती यंत्र पाठवू बघतात. दोन फोटो येतात. दोन्ही यंत्रं जुळ्या बहिणींसारखी दिसतात, किमतीत मात्र काही हजारांचा फरक असतो.

मी अर्थशास्त्र शिकवते, यंत्रांतलं मला विशेष कळत नाही. पण हा प्रश्न यंत्रापेक्षा अर्थशास्त्राचाच जास्त आहे, असं माझं मत झालंय.

आतून सारखीच

या यंत्राची कल्पना साधी आहे. एका कपापुरती कॉफीची पूड हवाबंद डबीत असते. ही डबी म्हणजेच कॅप्सूल. यंत्रात ती ठेवायची, दांडी ओढायची, बटण दाबायचं. यंत्र कॅप्सूलला भोक पाडतं, गरम पाणी दाबानं आत सोडतं आणि अर्ध्या मिनिटात काळी कॉफी कपात उतरते. नेस्ले कंपनीतले अभियंते एरिक फाव्र यांच्या कल्पनेवरून १९७६ साली याचं पेटंट घेतलं गेलं आणि १९८६ मध्ये 'नेस्प्रेसो' बाजारात आली. आपल्याकडे मात्र ही कंपनी २०२४-२५ पासूनच अधिकृतपणे विक्री करू लागली. त्याआधी कोणीतरी परदेशातून आणलेली यंत्रंच आपण पाहत होतो.

आता जुळ्या बहिणींकडे वळू. नेस्प्रेसोच्या 'ओरिजिनल' प्रकारात एसेन्झा मिनी, इनिसिया, पिक्सी, सिटीझ अशी मॉडेलं आहेत. चारींच्या पंपाचा दाब १९ बार. (आपल्या कुकरची शिट्टी साधारण १ बारला होते, यावरून अंदाज यावा.) चारींत तीच कॅप्सूल बसते. लहान कप ४० मिलिलिटरचा, मोठा ११० मिलिलिटरचा, हेही चारींत सारखंच. फरक आहे तो पाण्याच्या टाकीत, आकारात आणि बाहेरच्या कवचात. एसेन्झा मिनीची टाकी ०.६ लिटरची, पिक्सीची ०.७ लिटरची, सिटीझची १ लिटरची. एसेन्झा मिनी तर काही देशांत डेलाँगी आणि क्रुप्स अशा दोन नावांनी विकली जाते. नाव वेगळं, काम तेच.

म्हणजे महागातलं यंत्र घेतलं म्हणून कॉफी चांगली होणार नाही. जास्तीचे पैसे जातात ते टाकीसाठी आणि दिसण्यासाठी.

सोयरीक कॅप्सूलशी

खरा फरक एका घराण्यातल्या दोन मॉडेलांत नसतो, तो घराण्या-घराण्यांत असतो. नेस्प्रेसोचंच दुसरं घराणं 'व्हर्चुओ'. त्याची कॅप्सूल घुमटासारखी असते आणि तिच्या कडेवर बारकोड असतो. यंत्र तो वाचतं आणि कॅप्सूल गरगर फिरवून कॉफी काढतं. ती कॅप्सूल ओरिजिनलमध्ये बसत नाही, ओरिजिनलची यात बसत नाही. नेस्लेचंच तिसरं घराणं 'डोल्चे गुस्टो', त्याची कॅप्सूल आणखी वेगळी. अमेरिकेत क्युरिगचे 'के-कप' चालतात, ते या कशातच बसत नाहीत.

एकदा यंत्र घेतलं की त्या घराण्याशी सोयरीक झाली. अर्थशास्त्रात याला पूरक वस्तू म्हणतात. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको. ओरिजिनलच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. तिची मूळ पेटंट २०१२ च्या सुमारास संपल्यामुळे इतर कंपन्याही तशा कॅप्सूल बनवतात, त्यामुळे गिऱ्हाईक एकाच दुकानाला बांधलं जात नाही. व्हर्चुओत तशी मोकळीक फारशी नाही.

अमेरिकेहून यंत्र आणणाऱ्यांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे, आणू नका. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. सरळ लावलं तर जळेल आणि ट्रान्सफॉर्मर जोडायचा तर तोच यंत्रापेक्षा जड.

आता हिशेब. घरात दोन माणसं, दोन वेळा कॉफी, म्हणजे वर्षाला १४६० कॅप्सूल. एका कॅप्सूलमध्ये साधारण ५ ते ६ ग्रॅम पूड, म्हणजे वर्षाची सुमारे ८ किलो. तुमच्या हाती आलेल्या कॅप्सूलच्या भावाला १४६० ने गुणा आणि शेजारी आपल्या नेहमीच्या दुकानातल्या ८ किलो काफी पुडीचा भाव लिहा. यंत्राच्या किमतीतला दोन-तीन हजारांचा फरक त्यापुढे अगदीच किरकोळ वाटेल. गंमत अशी, की नेस्प्रेसोच्या कॅप्सूल स्वित्झर्लंडमध्ये भरल्या जातात आणि त्यांत भारतीय कॉफीची एक खास जातही आहे. आपलीच कॉफी तिकडे जाऊन डबीत बसून परत येते!

हालु यारु कायिस्तारे?

गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाच्या घरातच आला. वहिनी मूळची म्हैसूरकडची. फिल्टर कॉफी तिच्यामुळेच आमच्या चहाबाज घरात शिरली आणि रुजली. हल्ली तिची बोटं आखडतात. फिल्टरचं झाकण फिरवणं, पातेलं उचलणं जड जातं. पुतण्यानं बंगळूरहून फोन केला, "आत्या, आईसाठी एसेन्झा घेऊ की पिक्सी?"

वहिनीला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हालु यारु कायिस्तारे?"

यापेक्षा नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. या यंत्रांतून निघते ती काळी कॉफी. आपल्याला लागते ती दुधाची, म्हणजे दूध गॅसवर तापवणं आलंच. दूध तापवायचं वेगळं विजेचं भांडं मिळतं, पण त्यात एक-दोन कपांचंच दूध मावतं. शिवाय चिकोरीची सवय असलेल्या जिभेला नुसती कॉफी वेगळी लागते. आपली पूड भरता येते अशी स्टीलची कॅप्सूल मिळते खरी, पण चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे धार मंदावते. आणि हे यंत्र एका वेळी एकच कप देतं. हॉटेलात बसून 'बाय टू' सांगणारी माणसं आपण, घरी चार पाहुणे आले तर चारदा दांडी ओढायची.

मग आम्ही फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि आठवडाभर प्रत्येक कपाची नोंद केली. एकूण कप ४६. त्यांतले २७ सकाळी सगळ्यांसाठी एकत्र काढलेले, १० पाहुण्यांसाठी, आणि ९ वहिनीनं दुपारी एकटीनं घेतलेले. सगळी कॉफी यंत्रावर काढली तर वर्षाला २३९२ कॅप्सूल. फक्त दुपारची काढली तर ४६८. निर्णय त्या कागदानंच दिला.

सकाळची कॉफी फिल्टरचीच राहिली, पण फिल्टर आता दादा लावतो. पंचवीस वर्षांत न घडलेली गोष्ट घडली, तीही यंत्र घरात येण्याआधी. दुपारच्या कपासाठी यंत्र घ्यायचं ठरलं. वहिनी बंगळूरला गेली तेव्हा पुतण्याच्या मित्रांच्या घरी दोन्ही मॉडेलं तिनं हाताळून पाहिली. टाकीचा प्रश्नच नव्हता, दिवसाला एक-दोन कपांना लहान टाकी पुष्कळ झाली. पाहायची होती ती दांडी. एकीची दांडी तिला पूर्ण मुठीत धरून ओढता आली, दुसरीला बोटांवर जोर येत होता. कुठली ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या घरातला हात वेगळा असेल.

आणखी तीन गोष्टी

पाणी. शहरात राकसकोप-हिडकलचं पाणी येतं, पण पुष्कळ उपनगरांत आणि खेड्यांत बोअरचं जड पाणी असतं. त्यानं यंत्रात क्षार साचतात. गाळलेलं पाणी वापरा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत क्षार काढायचं द्रावण फिरवा.

वीज. यंत्र सुमारे १२०० वॅट घेतं. घरातल्या लहान इन्व्हर्टरवर ते चालणार नाही. वीज गेली की कॉफीही गेली.

कचरा. नेस्प्रेसोची कॅप्सूल ॲल्युमिनियमची असते, तिचं पुन्हा ॲल्युमिनियम होऊ शकतं, पण आतला चोथा काढल्याशिवाय भंगारवाला ती घेणार नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं २०१६ मध्ये सरकारी पैशातून असल्या कॅप्सूल विकत घेणं बंद केलं, ते या कचऱ्यामुळेच. वहिनी कॅप्सूल उघडून चोथा गुलाबाच्या कुंडीत टाकते आणि डब्या धुऊन साठवते.

तेव्हा मुलांनो, आईला यंत्र जरूर घ्या. पण मागवण्याआधी आठ दिवस फ्रिजवर कागद लावा, कॅप्सूल तुमच्या गावात कोण आणून देतो ते विचारा आणि दांडी ज्या हातानं ओढायची आहे त्याच हाताला आधी ओढून पाहू द्या. एवढं झालं की दोन्हींपैकी कुठलं, हे मला विचारायची गरज उरणार नाही.