समुद्राच्या गाळातली पावसाची नोंदवही



लागणीच्या नोंदी चालू असताना गट ऑफिसात एक वडीलधारे सभासद म्हणाले, "सायेब, आमच्या आज्ज्याच्या येळंला पाऊस असा लहरी न्हवता बघा." मी मान डोलावली. पण मनात आलं, आज्ज्याच्याही आधीचं काय? आपलं हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. त्यामागचा हजारो वर्षांचा हिशेब समुद्रतळाच्या गाळात सापडतो.

माती परीक्षणासाठी आपण गिरमिटाने नमुना काढतो, तसाच नमुना शास्त्रज्ञ समुद्रतळातून काढतात. १९८७ साली 'जॉइडेस रिझोल्यूशन' या जहाजाने ओमानच्या किनाऱ्यासमोर अरबी समुद्रात असे नमुने घेतले. जागा विचारपूर्वक निवडलेली. आपला नैर्ऋत्य मोसमी वारा तिथूनच पुढे सह्याद्रीकडे येतो. वारा जोरात वाहिला की वरचं पाणी लोटलं जातं आणि तळाकडचं गार, पोषक पाणी वर येतं. शेताला खत मिळावं तसं होऊन सूक्ष्म शैवाल मातून वाढतं. त्यातल्या डायटमचं कवच सिलिकाचं असतं. उसाच्या पात्याने हात कापतो तो याच सिलिकामुळे. शैवाल मेलं की कवचं तळाशी बसतात. ज्या थरात अशा शैवालाचे अवशेष जास्त, त्या काळी वारा जोराचा, असा सर्वसाधारण हिशेब.

दुसऱ्या एका शैवालाचं नाव एमिलियानिया हक्सलेयी. आकार मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा. त्याच्या पेशीत अल्केनोन नावाचे मेणासारखे पदार्थ असतात. पाणी गार असेल तर त्यांत तीन दुहेरी बंधांच्या रेणूंचं प्रमाण वाढतं, उबदार असेल तर दोन बंधांच्या. हे पदार्थ गाळात लाखो वर्षं टिकतात. त्यावरून जुन्या समुद्राचं तापमान काढता येतं, हे ब्रिस्टल विद्यापीठातील ब्रॅसेल, एग्लिन्टन व सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडलं. थराचं वय किरणोत्सारी कार्बनवरून सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत कळतं.

अशा निरनिराळ्या खुणा जुळवून काय दिसलं? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात अरबी समुद्र आजच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गार होता आणि नैर्ऋत्य मोसमी वारा दुबळा. नंतर तो बळावला. दहा ते सहा हजार वर्षांपूर्वी चांगला जोरात होता, पुढे पुन्हा ओसरत गेला. म्हणजे मोसमी पावसाने कायमचा करार कुणालाच लिहून दिलेला नाही.

पुढच्या साली पाऊस किती, हे या गाळावरून सांगता येत नाही. पण पाऊस येईलच असं धरून चालू नये, एवढं नक्की कळतं. २०१५-१६ च्या दुष्काळाआधी मी स्वतः विहिरीचं पाणी न बघता काही नोंदी घेतल्या. तो उभा ऊस चाऱ्याला गेला. ती चूक माझी.

म्हणून यंदा नोंदीला येताना विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं, ते सांगा. जेवढं पाणी तेवढीच लागण करा, जमेल तिथे ठिबक घ्या आणि खोडव्यातलं पाचट जाळू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी