कला शाखेला इंटर्नशिप नसते, हा गैरसमज

इंटर्नशिप ही अभियांत्रिकी, वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांची मिरास असून बी. ए., एम. ए. करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये, असे महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अजूनही, आणि कित्येकदा शिक्षकांच्याच तोंडून, ऐकू येते. या समजाला कसलाही आधार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीसाठी राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने जो श्रेयांक-आराखडा ठरवला, त्यात पदव्युत्तर पदवीच्या पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, म्हणजे विद्यार्थी ज्याला ‘ओजेटी’ म्हणतात ते, किंवा क्षेत्रीय प्रकल्प, यांसाठी ४ श्रेयांक राखलेले आहेत. अशा कामाचा एक श्रेयांक ३० तासांचा धरला जात असल्याने हे १२० तास होतात, आणि ते एम. कॉम. प्रमाणेच मराठी, इतिहास वा तत्त्वज्ञानाच्या एम. ए. लाही लागू आहेत. जे अभ्यासक्रमातच आहे, ते आपल्यासाठी नाही असे विद्यार्थ्याला सांगणे हे त्याचे सरळसरळ नुकसान आहे.

याच गैरसमजाचे दुसरे, अधिक घातक रूप म्हणजे मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याकडे कामाला येईल असे कौशल्यच नसते, हा समज. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत, बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील एखाद्या मोडी पत्राची नोंद करायची तर लिपी वाचावी लागते, पाठवणारा आणि विषय ओळखावा लागतो, आणि ‘इहिदे सबैन मया व अलफ’ अशा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला सुहूर सन ११७१ असल्याचे उमगून तो इसवी सन १७७०-७१ शी जुळवावा लागतो. हे काम इतिहास आणि भाषा शिकलेल्यालाच जमते. संग्रहालये, प्रकाशनसंस्था, उपशीर्षके व अनुवादाचे काम करणाऱ्या संस्था, सामाजिक सर्वेक्षणे या सर्व ठिकाणी वाचन, नोंद, मुलाखत आणि नेटके लेखन यांचीच गरज असते. उणीव असते ती अर्जात. ‘मी मेहनती आणि होतकरू आहे’ या वाक्यातून निवड करणाऱ्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी आपल्या तालुक्यातील जत्रेवरील प्रकल्पासाठी किती मुलाखती घेतल्या, त्यांचे शब्दांकन कसे केले आणि परस्परविरोधी माहितीचा निवाडा कसा केला, हे चार ओळींत लिहून प्रकल्पाच्या लेखनाची दोन पाने जोडली, तर अर्जाला वजन येते. अर्ज ज्या संस्थेकडे जात आहे, तिच्या कामाचा त्यात नेमका उल्लेख हवा, एकच मजकूर सगळीकडे धाडलेला नसावा, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते याचा खेद वाटतो.

शासकीय योजनांत बी. ए. बसत नाही, हेही खोटे आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेच्या निकषांत बी. ए. ची पदवी नावानिशी दिलेली आहे, मात्र सुरुवातीच्या निकषांनुसार पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ती योजना खुली नव्हती. प्रत्येक इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतेच असेही नाही. नीती आयोगाची इंटर्नशिपदेखील विनावेतन आहे, त्यामुळे प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च आधीच मांडून पाहावा. याउलट, पैसे भरून जिचे प्रमाणपत्र मिळते तिला इंटर्नशिप समजू नये, कारण काम करणाऱ्याने कामासाठी शुल्क देण्याचे काहीच कारण नसते. इंटर्नशिप आणि शिकाऊ उमेदवारी एकच, असेही मानले जाते, पण ते खरे नाही. शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली करार करून होते, तिचे विद्यावेतन नियमांनी ठरते, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही खुली झाली आहे. शेवटचा समज असा, की कुठेही केलेले काम नंतर श्रेयांकांत आपोआप मोजले जाते. तसे होत नाही, म्हणून कामाचे स्वरूप, तास आणि मार्गदर्शकाचे नाव लिहून विभागाची लेखी संमती काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी आणि तासांची नोंदवही रोजच्या रोज संस्थेतील मार्गदर्शकाच्या सहीने भरत जावी.