अ‍ॅल्युमिनिअम डोपिंगचे झिंक ऑक्साइड पटलांच्या गुणधर्मांवरील परिणाम

सौरघट व सपाट दर्शक यांना वीजवाहक आणि तरीही पारदर्शक असा थर आवश्यक असतो. हे कार्य मुख्यतः कथिल मिसळलेले इंडिअम ऑक्साइड करते. परंतु इंडिअम दुर्मीळ व महाग असल्याने अ‍ॅल्युमिनिअमचे डोपिंग केलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ पटलांना महत्त्व आले. तापलेल्या काचेवर द्रावण फवारण्याच्या साध्या पद्धतीने ती महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही तयार करता येतात.

झिंक ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने दृश्य प्रकाश त्यातून पार होतो. स्फटिकजालकातील द्विसंयुजी जस्त आयनाची जागा त्रिसंयुजी अ‍ॅल्युमिनिअम आयनाने घेतली, की बंधासाठी न लागणारा एक इलेक्ट्रॉन वहनासाठी मोकळा होतो. अर्थात डोपिंगविना असलेले पटलही पूर्ण रोधक नसते. याचे श्रेय दीर्घकाळ ऑक्सिजनच्या रिक्त जागांना दिले जाई. २००० साली व्हॅन डी वॉल यांनी हायड्रोजनही इलेक्ट्रॉन पुरवू शकतो, असे सैद्धांतिक गणनेने दाखवले. त्यामुळे डोपिंगविरहित नमुना वाहकशून्य मानून तुलना करणे धोक्याचे ठरते.

अ‍ॅल्युमिनिअम वाढवावे तशी वाहकता वाढत जाईल, ही अपेक्षा फार काळ टिकत नाही. काही अणुशतांशांनंतर रोधकता पुन्हा वाढू लागते. जालकात बसलेले भारित आयन इलेक्ट्रॉनांचे प्रकीर्णन करतात. आकाराने लहान असल्याने ते जालकात ताणही निर्माण करतात. जे अ‍ॅल्युमिनिअम जालकात सामावत नाही, ते कणसीमांवर ऑक्साइडच्या रूपात साचते. तेथे ते इलेक्ट्रॉन पुरवत नाही, उलट त्यांची वाट अडवते.

वाहकता ही वाहकांची घनता व त्यांची गतिशीलता यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. यांपैकी नेमके काय बदलले, हे केवळ रोधकता मोजून कळत नाही. त्यासाठी हॉल परिणामाचे मापन हवे. शिवाय फवारणीच्या द्रावणातील अ‍ॅल्युमिनिअमचे प्रमाण पटलात तसेच उतरेल, याची शाश्वती नसते. तरीही द्रावणातील टक्केवारीच पटलाची म्हणून नोंदवली जाते, तेव्हा दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना निरर्थक होते.

प्रकाशीय मापनातही अशीच गफलत संभवते. डोपिंगनंतर शोषणसीमा कमी तरंगलांबीकडे सरकते व ऊर्जा-अंतर वाढल्याचा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः संवहन पट्ट्याच्या तळाच्या पातळ्या इलेक्ट्रॉनांनी भरल्यामुळे शोषणास अधिक ऊर्जा लागते. हाच १९५४ मध्ये मांडला गेलेला बर्स्टाइन-मॉस परिणाम होय; पदार्थाचे मूळ अंतर अशा वेळी किंचित आकसलेलेच असते.