सात-बारा सापडावा कसा?
संकेतस्थळावरील शोधसुविधा आणि सातारा-सांगलीची ग्रामनामे

पीककर्ज असो, वारसनोंद असो वा भावाभावांतील वाटणी असो, सात-बारा उताऱ्यावाचून शेतकऱ्याचे काम अडते. पूर्वी त्यासाठी चावडीवर खेटे घालावे लागत. आता ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर उतारा घरबसल्या पाहता येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही उपलब्ध झाला आहे. तथापि, अभिलेख संगणकात असणे आणि तो खातेदारास सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. जुन्या तलाठ्याला गाव मुखोद्गत असे. अर्धवट नाव सांगितले तरी तो नेमके पान काढी. हे जाणतेपण शोधसुविधेत उतरविणे, हे रचनाकाराचे खरे काम होय.

उताऱ्यासाठी जिल्हा, तालुका व गाव अशी क्रमाने निवड करावी लागते. क्रम तर्कशुद्ध आहे. परंतु लोकांच्या तोंडी असलेली नावे या क्रमाला जुमानत नाहीत. सातारा जिल्ह्यात माण तालुक्याचे मुख्यालय दहिवडी, खटावचे वडूज, तर जावळीचे मेढा येथे आहे. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्याचा कारभार विट्याहून चालतो. वाळव्याची गंमत आणखी निराळी. वाळवा हे त्याच तालुक्यातील एक गाव. मुख्यालय मात्र इस्लामपूर, आणि त्याचेही नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. मुंबईत माथाडी काम करणाऱ्या एखाद्याने यादीत ‘विटा तालुका’ शोधला, तर चूक त्याची म्हणता येणार नाही. यास्तव प्रत्येक स्थळाच्या अधिकृत नावासोबत प्रचलित व पूर्वीच्या नावांचे कोष्टक संगणकात असावे, आणि कोणतेही नाव टंकले तरी शोध योग्य ठिकाणी पोहोचावा. ‘औंध’ असे लिहिताच पुणे शहरातील औंध आणि खटाव तालुक्यातील औंध, ही दोन्ही तालुका-जिल्ह्यासह समोर दिसावीत.

लेखनभेदाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कोणी ‘कराड’ लिहितो, कोणी ‘कऱ्हाड’. इतकेच नव्हे, तर ‘कऱ्हाड’ हा शब्दही संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविता येतो. त्यातील अर्धा र कोणी नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या अक्षराने साधतो, तर कोणी साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन निराळी नावे असतात. शोध घेण्यापूर्वी अशी सर्व रूपे एकरूप करणे आवश्यक असते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि रोमन लिपीतील लेखन यांनाही हाच न्याय लावावा.

परंतु ही उदारता नावांपुरतीच ठेवली पाहिजे. गट क्रमांकाच्या बाबतीत ‘जवळपास जुळणारा’ निकाल म्हणजे शेजाऱ्याची जमीन! देवनागरी व रोमन असे दोन्ही अंक स्वीकारावेत, पण जुळणी काटेकोरच हवी. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये जेथे एकत्रीकरण झाले, तेथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतातील क्रमांक आज तसाच टंकला, तर हाती काही लागणार नाही अथवा भलतीच जमीन दिसेल. दिलेला क्रमांक सर्व्हेचा की गटाचा, हे चौकटीशेजारीच विचारलेले बरे.

सर्वांत उपेक्षित भाग म्हणजे निष्फळ शोधाचा संदेश. ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच वाचून एखादी वृद्ध विधवा आपले नाव उताऱ्यावरून उडाले, असे समजून हादरून जाईल. कोणत्या गावात, कोणत्या नावाने वा क्रमांकाने शोध घेतला, हे संदेशात स्पष्ट असावे. नोंद पतीच्या वा सासऱ्याच्या नावे असू शकते, असे सुचवावे. निवडलेला तालुका व गाव पुसले जाऊ नये. तुटक नेटवर्कवर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणे ही शिक्षाच ठरते. असे निष्फळ शोध, व्यक्तींची नावे वगळून, नोंदवून ठेवावेत आणि दरमहा तपासावेत. त्यांत ‘विटा’ वा ‘दहिवडी’ वारंवार आढळल्यास कोष्टकात कोणती भर घालावयाची, हे वेगळे विचारावे लागणार नाही.