रंगावर जाऊ नका, मीटर लावून पाहा



दिवाळीच्या सुट्टीनंतर अकरावीचा एक विद्यार्थी खट्टू होऊन माझ्याकडे आला. वडिलांच्या जुन्या गाडीत त्याने स्वतः स्टिरिओ बसवला होता. लालला लाल, काळीला काळी, अशा वायरी जोडल्या. गाणी वाजली, सगळे खूश झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. स्टिरिओ रात्रभर चालू राहिल्याने बॅटरी उतरली होती. "सर, रंग तर बरोबर जुळवले होते!" असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. चूक झाली ती रंगावर विसंबून राहण्यात.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पिवळीला बॅटरीचा कायम प्रवाह लागतो. घड्याळ आणि स्टेशने तिच्यामुळे लक्षात राहतात. लालला चावी फिरवल्यावरच प्रवाह मिळायला हवा. काळी म्हणजे अर्थ. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती ऋण वायर.

पण हे झाले स्टिरिओचे रंग. गाडीच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. म्हणून गाडीची वायर तपासूनच ओळखावी. एखादा साधा डिजिटल मल्टिमीटर त्यासाठी पुरतो.

मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवावा. त्याचे काळे टोक गाडीच्या रंग नसलेल्या धातूला लावावे आणि लाल टोक एकेका वायरीला. इंजिन बंद असावे. चावी काढलेली असतानाही सुमारे 12 व्होल्ट दिसले, तर ती कायम वायर. चावी फिरवल्यावर 12 आणि काढल्यावर शून्य, तर ती चावीची वायर. पार्किंगचे दिवे लावल्यावरच जागी होणारी वायर डॅशबोर्डच्या उजेडाची.

यानंतर बॅटरीची ऋण वायर काढून मीटर ओहमवर घ्यावा. ज्या वायरीचा गाडीच्या धातूशी रोध जवळजवळ शून्य येतो, ती अर्थ. ज्या जोडीत साधारण 3 ते 4 ओहम दिसतात, ती बहुधा स्पीकरची. त्या जोडीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की ज्या स्पीकरमधून टक् असा आवाज येईल, तो त्या जोडीचा. स्पीकरची ऋण वायर मात्र गाडीच्या धातूला कधीही जोडू नये. बहुतेक स्टिरिओ त्याने खराब होतात.

काही पथ्ये जरूर पाळावीत. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरही लावू नये. जोडणी करताना बॅटरीची ऋण वायर काढलेलीच असावी. फ्यूज उडाला तर तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा घालावा. त्याच्या जागी तार घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. वायर कापण्यापेक्षा आपल्या गाडीचा तयार कपलर आणून जोडणे चांगले, कारण कापलेल्या वायरींमुळे वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. काही नव्या गाड्यांत चावीचा संदेश डेटा वायरींतून येतो, तिथे ही तपासणी पुरत नाही. अशी गाडी जाणकार कारागिराकडेच न्यावी.

त्या मुलाला मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर दिला. दुसऱ्या दिवशी तो धावतच आला. "सर, गाडीतली लाल वायर कायम प्रवाहाची निघाली. चावी माझ्या खिशात होती आणि मीटरवर 12!" स्वतः मोजून सापडलेले उत्तर तो जन्मभर विसरणार नाही.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. धन आणि ऋण आम्ही तोंडपाठ केले, पण मीटर काही हाती आला नाही. आमच्या मुलांचे तसे होऊ नये. विश्वस्त मंडळींना म्हणूनच विनंती आहे की, प्रयोगशाळेसाठी यंदा आणखी काही मल्टिमीटर घ्यावेत. पालकांनाही सांगणे एवढेच, की मुलाने गाडीला हात लावला तर रागावण्याआधी त्याच्या शेजारी बसावे आणि दोघांनी मिळून मोजून पाहावे.

— प्राचार्य