तापल्यावर ऊन अडवणारी काच : व्हॅनेडियम डायऑक्साइडचा पातळ थर

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वर्गाच्या खिडकीला पडदा लावला की ऊन थांबतं, पण उजेडही जातो. मग उजेड आत सोडून फक्त उष्णता अडवणारी काच मिळाली तर?

व्हॅनेडियम डायऑक्साइडचा थर हे काम करू शकतो. हा पदार्थ सुमारे ६८ अंश सेल्सिअसला एकदम बदलतो, हे १९५९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मॉरिन यांनी दाखवले. त्या तापमानाखाली व्हॅनेडियमचे अणू जोडीजोडीने बसतात, इलेक्ट्रॉन त्या जोड्यांत अडकतात आणि अवरक्त किरण आरपार जातात. त्यावर गेलं की जोड्या मोडतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात, पदार्थ धातूसारखा वागून अवरक्त किरण परतवतो. दृश्य प्रकाशात मात्र फारसा फरक पडत नाही.

थर बनवायची एक पद्धत म्हणजे स्पटरिंग. निर्वात पात्रात व्हॅनेडियमच्या चकतीवर आरगॉनचे आयन आदळवतात. उडालेले अणू तापवलेल्या काचेवर बसतात. सोबत किंचित ऑक्सिजन सोडायचा. खरी मेख इथेच आहे! व्हॅनेडियमच्या ऑक्साइडांचे भाऊबंद बरेच. ऑक्सिजन जास्त झाला की पेंटॉक्साइड तयार होतो (सल्फ्युरिक आम्लाच्या संपर्क पद्धतीतला उत्प्रेरक, तोच हा). कमी पडला तर वेगळाच ऑक्साइड. दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

नेमका कोणता थर बसला, हे क्ष-किरणांनी तपासतात. मग तो हळूहळू तापवत विद्युतरोध मोजतात. चांगल्या थराचा रोध हजारपटीहून अधिक घटतो. थंड करताना मात्र आलेख त्याच वाटेने परतत नाही, काही अंश खाली जाऊन उडी घेतो. हेच हिस्टेरिसिस.

पण आपल्याकडची खिडकीची काच ६८ अंशांपर्यंत कुठे तापते? म्हणून थरात टंगस्टन मिसळतात. दर १ टक्क्याला बदलाचं तापमान साधारण २० अंशांनी उतरतं. मात्र त्याबरोबर बदलाचा जोरही कमी होतो. शिवाय थर पिवळसर-तपकिरी असतो. जाड केला तर खोली अंधारते, पातळ केला तर उष्णता निसटते. या ओढाताणीमुळेच अशा खिडक्या अजून घरोघरी दिसत नाहीत. (पत्र्याच्या छपराला तूर्त चुनाच बरा.)

आता वहीत सोडवा : बदल ३६ अंशांना हवा असेल, तर टंगस्टन किती टक्के लागेल?
उत्तर : सुमारे १.६ टक्के.