म्युच्युअल फंडाची परिभाषा : सही करण्यापूर्वी

जुलै २००१ च्या आरंभी देशभरातील लक्षावधी मध्यमवर्गीय घरांना एका बातमीने हादरा दिला. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने आपल्या ‘युनिट स्कीम ६४’ या योजनेतील युनिटांची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी स्थगित केली होती. १९६४ पासून चालत आलेली ही योजना म्हणजे अनेकांच्या दृष्टीने बँकेतील ठेवच होती. निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम, कन्येच्या विवाहासाठी बाजूला ठेवलेली पुंजी याच विश्वासाने तिच्यात गुंतविली गेली होती. ती मागेल तेव्हा मिळेल हे सर्वांनी गृहीत धरले होते.

बिघाड कोठे होता? योजनेचा मोठा पैसा शेअरबाजारात होता आणि बाजार घसरला की मालमत्तेचे मूल्यही घटत असे. युनिटांचा भाव मात्र त्या मूल्यावरून ठरत नसे. तो ट्रस्ट स्वतः ठरवून जाहीर करीत असे. पेढीत माल किती उरला आहे हे न पाहता भागीदारांना हिस्सा वाटत राहावे, तसा हा व्यवहार होता. जानेवारी २००२ पासून योजनेचा भाव मालमत्तेच्या प्रत्यक्ष मूल्याशी जोडला गेला, तेव्हा ते मूल्य १० रुपयांच्या दर्शनी किमतीच्याही खाली असल्याचे उघड झाले. शासनाला साहाय्य द्यावे लागले आणि २००३ मध्ये युनिट ट्रस्टचे विभाजन झाले.

आज प्रत्येक योजनेचे मूल्य कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होते. माहिती दडलेली नाही. परंतु ती वाचता येणाऱ्यालाच तिचा उपयोग. ज्या घरांत रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसल्याशिवाय दिवाणखान्यातील दिवा मालवत नसे, त्याच घरांत आज म्युच्युअल फंडाच्या अर्जावर न वाचता सही केली जाते. म्हणून या व्यवहारातील काही शब्द नीट समजून घेऊ.

पैसा नेमका कोणाकडे असतो?

आपल्या देशात म्युच्युअल फंडाची स्थापना न्यासाच्या स्वरूपात होते. संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर काम केलेल्या वाचकांना ही रचना परकी वाटणार नाही. फंड उभा करणारा तो प्रायोजक. गुंतवणूकदारांच्या हितावर देखरेख ठेवतात ते विश्वस्त. कोणते शेअर अथवा रोखे घ्यावेत याचा निर्णय मालमत्ता व्यवस्थापन कंपनी घेते आणि ते शेअर व रोखे सांभाळण्याचे काम कस्टोडियनकडे असते. या सर्वांवर ‘सेबी’चे नियंत्रण असते.

या रचनेमुळे योजनेची मालमत्ता व्यवस्थापन कंपनीच्या स्वतःच्या मालमत्तेत मिसळत नाही. परंतु बाजारभाव घसरल्यास होणाऱ्या तोट्याची भरपाई कोणीही देत नाही. ‘पैसा कोणी पळवणार तर नाही ना?’ आणि ‘पैसा कमी होणार तर नाही ना?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बरेचसे नियमांत आहे. दुसऱ्याचे उत्तर आपण निवडलेल्या योजनेत.

युनिट आणि एनएव्ही

आपण रक्कम भरतो तेव्हा तिच्या बदल्यात योजनेतील वाटा मिळतो. त्या वाट्याचे एकक म्हणजे युनिट. योजनेच्या एकूण मालमत्तेतून देणी व खर्च वजा करून उरलेल्या रकमेला युनिटांच्या संख्येने भागले की निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजेच एनएव्ही, मिळते.

येथे एक गैरसमज फार रुजलेला आहे. १० रुपयांचे युनिट स्वस्त आणि १०० रुपयांचे महाग, असे मानून नव्या योजनेकडे धाव घेतली जाते. १०,००० रुपयांत पहिल्या योजनेची १,००० युनिटे मिळतील, दुसरीची १००. दोन्ही योजनांतील मालमत्ता १२ टक्क्यांनी वाढली, तर दोन्हीकडे ११,२०० रुपयेच होतील. युनिटांची संख्या अधिक म्हणून लाभ अधिक, असे होत नाही. योजनेने पैसा कोठे गुंतविला आहे, हा खरा प्रश्न.

न दिसणारा खर्च

योजना चालविण्याचा वार्षिक खर्च मालमत्तेच्या टक्केवारीत सांगतात. त्यास एक्स्पेन्स रेशो म्हणतात. याचे बिल घरी येत नाही. तो खर्च दररोज थोडा थोडा वजा होऊनच एनएव्ही जाहीर होते, त्यामुळे तो डोळ्यांना जाणवत नाही.

जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन पर्याय असतात. रेग्युलरमध्ये वितरकाचे कमिशन खर्चात समाविष्ट असते, डायरेक्टमध्ये नसते. केवळ उदाहरण म्हणून समजा, १ लाख रुपयांवर वीस वर्षे दरसाल १० टक्के वाढ मिळाली, तर सुमारे ६ लाख ७३ हजार रुपये होतात. खर्चातील एका टक्क्याच्या फरकाने तीच वाढ ९ टक्के राहिली, तर सुमारे ५ लाख ६० हजार. फरक मूळ मुद्दलाहूनही मोठा. जाणकार वितरक वेळोवेळी योग्य सल्ला देत असेल, तर त्याचे मोल देणे रास्तच आहे. परंतु आपण काय देत आहोत हे ठाऊक असावे.

ठरावीक मुदतीपूर्वी पैसे काढल्यास आकारले जाणारे शुल्क म्हणजे एक्झिट लोड. एक टक्का शुल्क लागू असताना ५०,००० रुपये काढले, तर ५०० रुपये कापले जातील. ही मुदत आणि हा दर योजनेनुसार बदलतो.

‘लाभांश’ हा शब्द का गेला?

पूर्वी योजनांमध्ये ‘डिव्हिडंड’ असा पर्याय असे. मिळणारी रक्कम ही वरकमाई आहे, अशी समजूत त्या शब्दाने होई. प्रत्यक्षात ती योजनेतील आपल्याच पैशांतून दिली जाते आणि तेवढ्या प्रमाणात एनएव्ही खाली येते. एप्रिल २०२१ पासून सेबीने या पर्यायाचे नाव बदलून ‘उत्पन्न वितरण तथा भांडवल आहरण’ अशा अर्थाचे केले. अर्जावर ते ‘आयडीसीडब्ल्यू’ असे दिसते. रक्कम बाहेर न काढता योजनेतच वाढू देण्याचा पर्याय म्हणजे ‘ग्रोथ’.

एसआयपी आणि जोखीम

एसआयपी ही स्वतंत्र योजना नव्हे. ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम गुंतविण्याची ती केवळ पद्धत आहे. दरमहा ५,००० रुपये भरताना तीन महिन्यांत एनएव्ही अनुक्रमे ५०, ४० आणि ६२.५० रुपये असेल, तर १००, १२५ आणि ८० अशी ३०५ युनिटे जमा होतात. प्रत्येक युनिट सरासरी ४९ रुपये १८ पैशांना पडते, तर तीन भावांची साधी सरासरी ५० रुपये ८३ पैसे आहे. भाव उतरला तेव्हा अधिक युनिटे मिळाली, हे त्याचे कारण. मात्र बाजार दीर्घकाळ खालीच राहिला, तर एसआयपीतही तोटा होतो. शिस्त म्हणजे हमी नव्हे.

करबचतीच्या ‘ईएलएसएस’ योजनेत तीन वर्षे पैसे काढता येत नाहीत. तिच्यात एसआयपी केल्यास प्रत्येक हप्त्याची तीन वर्षे स्वतंत्रपणे मोजली जातात. पहिला हप्ता मोकळा झाला म्हणजे सर्व रक्कम मोकळी झाली, असे नाही. मुलांच्या शिक्षणशुल्काची तारीख डोळ्यांसमोर ठेवून गुंतविणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे.

प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकावर ‘रिस्कोमीटर’ असतो. जोखमीच्या सहा पायऱ्यांपैकी योजना कोठे उभी आहे, हे त्याचा काटा दाखवितो. सेबीच्या वर्गीकरणानुसार बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि त्यापुढील स्मॉल कॅप. डेट फंडही ठेव नव्हे. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात, आणि कर्ज घेणारी कंपनी परतफेड करू शकली नाही तर त्याची झळ युनिटधारकालाच बसते.

घरातील दुसरी व्यक्ती

पुष्कळ घरांत हा सारा व्यवहार एकाच व्यक्तीच्या हाती असतो. ती व्यक्ती अकस्मात गेली, तर मागे राहिलेल्यांना फोलिओ क्रमांकही ठाऊक नसतो. फोलिओ म्हणजे फंडाकडील आपला खातेक्रमांक. पॅनच्या आधारे निरनिराळ्या फंडांतील गुंतवणुकीचा एकत्रित उतारा मिळतो. त्याची प्रत घरातील आणखी एका व्यक्तीने वाचलेली असावी.

त्याच उताऱ्यावर नामनिर्देशन तपासावे. विवाहापूर्वी आईचे नाव दिले आणि नंतर ते बदलायचे राहून गेले, असे वारंवार घडते. नामनिर्देशित व्यक्तीकडे युनिटे सुपूर्द होतात. त्यांची अंतिम मालकी मात्र मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार ठरते. म्हणून नामनिर्देशनाबरोबर मृत्युपत्राचाही विचार हवा.

येत्या रविवारी हा उतारा पती-पत्नींनी एकत्र बसून वाचावा. सज्ञान मुले असतील तर त्यांनाही सोबत घ्यावे. योजनेचे नाव, डायरेक्ट की रेग्युलर, ग्रोथ की आयडीसीडब्ल्यू, युनिटांची संख्या, त्या दिवशीची एनएव्ही आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, एवढ्या सहा गोष्टी शोधाव्यात. ज्या शब्दाचा अर्थ लागणार नाही त्याखाली रेघ ओढावी आणि तो अर्थ वितरकाकडून अथवा फंडाच्या कार्यालयातून विचारून घ्यावा. तोपर्यंत नवीन अर्जावर सही करू नये.